मागच्या दाराच्या पायऱ्या

अमेरिकेत पिट्सबर्ग नावाचं शहर आहे, तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट भागात मंदीच्या काळात भाड्याच्या घरात एक बाई राहायची, तिचं नाव अॅडा बेल. घराच्या मागच्या दाराच्या पायऱ्या मोडल्या होत्या. सांगून झालं, पुन्हा सांगून झालं, मालकाकडचं कोणी ढुंकून बघेना. मग एकदा भाडं भरायच्या दिवशी ती लहान मुलाला घेऊन ऑफिसात गेली, पैसे बाहेर काढून दाखवले आणि म्हणाली, हे भाडं, माझ्याकडे आहे, आणि त्या पायऱ्या दुरुस्त झाल्या की तुम्हाला मिळेल, माझी पोरं पडतील तिथून. पैसे परत पर्समध्ये आणि ती घरी. काही दिवसांत पायऱ्या दुरुस्त झाल्या. आणि मग लक्षात आलं की शेजाऱ्यांच्याही झाल्या.

तिचा तो मुलगा म्हणजे डेरिक बेल. जन्म ६ नोव्हेंबर १९३०. पुढे हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये टेन्युअर मिळालेला पहिला कृष्णवर्णीय प्राध्यापक. टेन्युअर म्हणजे आपल्या भाषेत परमनंट, पण आपल्या परमनंटपेक्षाही पक्कं, तिथून माणूस सहसा मरेपर्यंत हलत नाही. आणि हा माणूस हलला. एकदा नाही, आयुष्यभर हलत राहिला. मी त्याला एकेरीत लिहिणार आहे, इतकी वर्षं वाचतेय की आता अहो-जाहो करवत नाही.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका लॉ कॉलेजात शिकवते. आधी बरीच वर्षं तासिका तत्त्वावर, आपण ज्याला सीएचबी म्हणतो ते, म्हणजे दरवर्षी जून आला की ऑर्डर निघते का बघत बसायचं, आणि मग एकदाची परमनंट झाले. बेल मला सापडला तो एलएलएमला, समतेच्या हक्कावर काहीतरी शोधताना, एका झेरॉक्समधल्या तळटीपेत. तेव्हा त्याचा सिद्धांत वाचला आणि परीक्षेपुरता लक्षात ठेवला. त्याचं आयुष्य कळलं ते फार नंतर, आणि कळलं तेव्हा मला त्रास झाला. का ते सांगते पुढे.

बेलचे वडील फार शिकलेले नव्हते, हा घरोघर पेपर टाकायचा, आणि त्याच्या पेपरच्या लाइनवर दोन-चार कृष्णवर्णीय वकील आणि जज राहायचे. लहान पोराला आपल्यासारखाच दिसणारा माणूस सुटाबुटात कोर्टात निघालेला रोज सकाळी दिसत असेल तर त्याचं काय होत असेल, हे आमच्या वर्गातल्या पहिल्या पिढीच्या मुलांकडे बघून मला कळतं, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांना वकील म्हणजे फक्त सिनेमातला माहीत असतो. ड्यूकेन युनिव्हर्सिटीतून पदवी, मग एअर फोर्समध्ये, कोरियात, आणि १९५७ साली पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीतून कायद्याची पदवी. त्या बॅचमध्ये काळा विद्यार्थी हा एकटा.

त्या सुमाराची एक गोष्ट मला फार आवडते. नवा कोरा वकील झालेला बेल न्यायमूर्ती विल्यम हेस्टी यांना भेटला. हेस्टी म्हणजे फेडरल अपील कोर्टात बसलेले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश, आणि त्याआधी १९४३ मध्ये सैन्यातल्या वर्णभेदाचा निषेध म्हणून त्यांनी युद्धखात्यातली मोठी जागा सोडलेली. बेल म्हणाला, मला नागरी हक्कांचा वकील व्हायचंय. हेस्टी म्हणाले की बाळा, तू पंधरा वर्षं उशिरा जन्माला आलास. म्हणजे काय, तर १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्राउन खटल्यात शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवलं होतं, मोठी लढाई जिंकून झाली होती, आता उरलं फक्त आवराआवरीचं काम. इतका शहाणा, सोसलेला माणूस असं समजत होता. त्या निकालाचा उजेडच तसा होता, डोळे दिपवणारा.

बेलला नोकरी लागली वॉशिंग्टनला, न्याय खात्यात. तो एनएएसीपीचा सदस्य होता, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी ती जुनी संघटना, वर्गणी २ डॉलर. १९५९ मध्ये वरिष्ठांनी सांगितलं की हे सदस्यत्व सोड, सरकारी वकिलाने असल्या संघटनेत असणं बरं दिसत नाही. याने सोडलं नाही. मग त्याच्याकडचं हक्कांचं काम काढून घेतलं आणि दुसरंच काहीतरी दिलं. त्याने राजीनामा दिला. २ डॉलरच्या पावतीसाठी केंद्र सरकारची नोकरी. आपल्याकडे असं कोणी केलं तर घरचे आधी डॉक्टरकडे नेतील.

पुढच्याच वर्षी थर्गुड मार्शल यांनी त्याला एनएएसीपीच्या लीगल डिफेन्स फंडात घेतलं. हेच मार्शल पुढे सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. त्या नोकरीत बेलने ३०० हून जास्त शाळांचे खटले पाहिले, बरेचसे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतले, आणि सगळ्यात कठीण म्हणजे मिसिसिपीतले. जॅक्सन शहरात गोऱ्यांसाठी राखलेला फोन वापरला म्हणून त्याला अटकही झाली होती. वकील माणूस, केससाठी गेलेला, फोन करायला बूथमध्ये शिरला म्हणून आत!

मिसिसिपीत लीक काउंटीमध्ये हार्मनी नावाची काळ्या शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथे विन्सन हडसन आणि डोव्ही हडसन या दोन बहिणी होत्या. गावाने स्वतःच्या कष्टाने उभारलेली काळ्या मुलांची शाळा सरकारने बंद केली होती, आणि या दोघींचं वकिलाकडे मागणं अगदी साधं होतं की आमची शाळा परत उघडून द्या. बेल आणि त्याच्या संस्थेचं धोरण वेगळं होतं. आम्ही वेगळ्या शाळांसाठी लढत नाही, गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मागायचा असेल तर केस लढू. बायकांनी विचार केला आणि हो म्हणाल्या. केस दाखल झाली, आणि मग गावावर जे काही आलं ते आलं, कर्ज थांबलं, कामं गेली, घरांवर हल्ले झाले. १९६४ च्या सप्टेंबरात गोऱ्यांच्या शाळेत प्रत्यक्ष पाऊल ठेवलं ते एकाच मुलीने, पहिलीतल्या. बाकीच्या आईबापांना इतकं घाबरवलं होतं की शेवटच्या क्षणी पाय निघेना, आणि त्यांना कोण नावं ठेवणार.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात संध्याकाळी बेल त्या गावच्या धुळीच्या रस्त्यावरून बायोना मॅकडोनाल्ड नावाच्या म्हाताऱ्या बाईंसोबत चालला होता. त्याने विचारलं की एवढी दहशत असताना तुम्हा लोकांत लढायचं बळ येतं कुठून. त्या म्हणाल्या, बाकीच्यांचं मला सांगता यायचं नाही, मी तर म्हातारी बाई, मी गोऱ्यांना सतवायला जगते.

बेलने हे वाक्य पुढे आयुष्यभर सांगितलं. तो म्हणायचा की बघा, बाई जिंकण्याचं काही बोललीच नाही. बंदुका, बँका, कोर्ट, शेरीफ सगळे त्यांच्या बाजूला, हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि त्यांना सुखाने झोपू द्यायचं नाही एवढं तिने स्वतःपुरतं ठरवलं होतं. मला हे वाचताना आमच्या आजीची थोरली जाऊ आठवते. शेताच्या बांधाच्या भांडणात तिने तलाठ्याला असंच वीस वर्षं सतावलं होतं, दर सोमवारी जाऊन कचेरीच्या पायरीवर बसायची. बांध काही परत मिळाला नाही.

हार्मनीची केस कागदावर जिंकली. पण बेलच्या मनात एक सल राहिला, आणि हाच माणूस मला मोठा वाटतो तो इथे. वकिलाला आपण जिंकलेल्या केसबद्दल शंका येणं ही सोपी गोष्ट नाही हो. दक्षिणेत मुलं एकत्र बसायला लागली तशा काळ्यांच्या शाळा बंद झाल्या, काळे मुख्याध्यापक आणि शिक्षक हजारोंनी घरी बसले, आणि नव्या शाळेत काळ्या मुलांना मागच्या बाकावर आणि मागच्या तुकडीत टाकलं गेलं. मग १९७६ मध्ये बेलने येल लॉ जर्नलमध्ये एक लेख लिहिला, शीर्षक बायबलमधल्या वचनावरून, की कोणताही चाकर दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही. आपण म्हणतो ना दोन डगरींवर हात, तसलंच. हक्कांचे वकील कोणाची चाकरी करतायत, आपल्या तत्त्वाची आणि देणगीदारांची, की ज्यांच्या मुलांना चांगलं शिकायचंय त्या आईबापांची, असं त्याने स्वतःच्याच लोकांना विचारलं. जुने सहकारी दुखावले. कितीतरी वर्षांनी त्याने विन्सन बाईंना विचारलं की मी तेव्हा तुम्हाला बरोबर सल्ला दिला होता का, तर त्यांनाही हा प्रश्न पडला होता असं त्या म्हणाल्या. दोघंही म्हातारे झालेले. हे संभाषण मी कितीदा तरी मनात ऐकलंय.

१९६९ मध्ये तो हार्वर्डला गेला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर काळ्या विद्यार्थ्यांनी रेटा लावला होता, तेव्हा कुठे या मोठ्या कॉलेजला एक काळा शिक्षक सुचला. १९७१ मध्ये टेन्युअर. १९७३ मध्ये त्याने वंशभेद आणि अमेरिकन कायदा यावर जाडजूड पाठ्यपुस्तक काढलं, तोवर या विषयाला स्वतःचं असं पुस्तकच नव्हतं म्हटलं तरी चालेल. आणि १९८० मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये तो लेख आला, जो मला तळटीपेत सापडला होता.

सिद्धांत सोप्या भाषेत असा. काळ्यांना न्याय तेव्हाच मिळतो जेव्हा तो देण्यात गोऱ्यांचाही फायदा असतो, दोघांच्या हिताच्या वाटा जिथे मिळतात तेवढ्याच जागेत आणि तेवढ्याच काळापुरता. वाटा पुन्हा फुटल्या की न्याय आटला. ब्राउन निकाल १९५४ मध्येच का लागला, आधी का नाही? कारण तेव्हा शीतयुद्ध चालू होतं, आशिया-आफ्रिकेतले नवे देश अमेरिकेकडे बघत होते आणि रशिया त्यांना दक्षिणेतले फोटो दाखवत होता. काळे सैनिक महायुद्ध लढून परत आले होते आणि गप्प बसायला तयार नव्हते. दक्षिणेला कारखाने हवे होते आणि वर्णभेद त्यात अडचण व्हायला लागला होता. बेलवर टीका झाली की हे फार कडवट आहे, पुरावा काय. मग मेरी डुडझिएक नावाच्या कायद्याच्या इतिहासकार बाईंनी सरकारी दप्तरं उपसली, आणि त्यात सापडलं की खुद्द न्याय खात्याने १९५२ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाला लेखी कळवलं होतं की या वर्णभेदामुळे कम्युनिस्टांच्या प्रचाराला आयतं खाद्य मिळतं. त्या वेळचे भारतातले अमेरिकन राजदूत चेस्टर बोल्स हेही तेच सांगत होते, की आशियात आपल्याला सगळ्यात जास्त मदत कशाची होणार असेल तर घरचा वंशवाद मिटण्याची. म्हणजे ब्राउन खटल्यातली कॅन्ससमधली ती काळी मुलगी जवळच्या शाळेत जाऊ शकते की नाही, यात दिल्लीत काय बोललं जातंय याचाही थोडा वाटा होता. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं पहिल्यांदा वहीतून मान वर करतात.

हा सिद्धांत मला सगळा पटतो का? नाही पटत. मॅकडोनाल्ड बाईंचं किंवा हडसन बहिणींचं बळ त्या हिशोबात नीट बसत नाही असं मला अजून वाटतं. कुणीतरी सतत दार ठोठावत राहिल्याशिवाय आतल्यांना आपलं हित आठवत नाही. पण सिद्धांत म्हणून तो माझ्या डोक्यातून आता जाणारही नाही, पेपरात कुठल्याही सवलतीची बातमी आली की मी आधी शोधते, यात वाट कोणाकोणाची मिळतेय.

बेल पुढे गोष्टीच लिहायला लागला. लॉ प्रोफेसर आणि गोष्टी! त्याची एक गोष्ट खूप गाजली, १९९२ च्या पुस्तकातली, परग्रहावरून जहाजं येतात आणि अमेरिकेला म्हणतात, आम्ही तुम्हाला भरपूर सोनं देतो, प्रदूषण साफ करायचं रसायन देतो, ऊर्जेचा प्रश्न सोडवतो, बदल्यात तुमची सगळी काळी माणसं आम्हाला द्या. देश चर्चा करतो, समित्या बसतात, मतदान होतं, आणि ७० विरुद्ध ३० टक्क्यांनी सौदा मंजूर. किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीच्या दिवशी माणसं साखळ्या घालून जहाजात चढतात. बेल व्याख्यानात श्रोत्यांना विचारायचा की सांगा, खरंच मतदान झालं तर निकाल काय लागेल. एवढं बोलून गप्प बसायचा.

तर राजीनामे. १९८० मध्ये तो ओरेगॉन युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलचा डीन झाला. तिथे एका जागेसाठी निवड चालली होती, यादीत तिसऱ्या नंबरवर एक आशियाई वंशाची अमेरिकन बाई. वरच्या दोन गोऱ्या पुरुषांकडून ती जागा भरली गेली नाही. आता साहजिक तिसरीला बोलवायचं. तर प्राध्यापक मंडळींनी ठरवलं की नको, शोध नव्याने सुरू करू. बेलने १९८५ मध्ये डीनपद सोडलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. कारण हे सगळं मी पाहिलं होतं, आमच्या इथे.

माझ्यासोबत एक मुलगी सीएचबीवर शिकवायची, सहा वर्षं. घटना आणि कामगार कायदा. नेट झालेली, पीएचडी जमा केलेली, आणि वर्ग असा शांत ठेवायची की बाहेरून जाताना पाय थांबायचे. एक खुली जागा निघाली. हिने अर्ज केला तेव्हाच स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली की हिला खुल्यातून कशाला पाहिजे, त्यांची निघेल तेव्हा मिळेल की. मुलाखत झाली, ही दुसऱ्या नंबरवर. पहिल्याला दुसरीकडे मिळालं, तो आला नाही. प्रतीक्षा यादीत हीच. आणि महिना गेला, दोन महिने गेले, यादीची मुदत संपू दिली आणि पुन्हा जाहिरात काढली. कोणी काही बोललं नाही. कागदावर सगळं नियमात होतं.

त्या आठवड्यात मी राजीनामा लिहिला. फुलस्केपवर, हाताने, दोन पानं, कारणं सगळी स्पष्ट लिहून. पिशवीत डब्याच्या खाली ठेवला आणि कॉलेजात गेले. दिवसभर पिशवी खुर्चीला लटकलेली. मला परमनंट होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, घराचं कर्ज नुकतं घेतलेलं, सासऱ्यांचं डायलिसिस सुरू. संध्याकाळी पिशवी उचलली आणि घरी आले. कागदाच्या एका कोपऱ्याला भाजीच्या तेलाचा डाग पडला होता. तो कागद अजून आहे, सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये, सगळ्यात मागे.

म्हणून मला बेलच्या पराक्रमापेक्षा त्याच्या घरात जास्त रस आहे. त्याची बायको जुएल. १९६० मध्ये लग्न, तीन मुलगे. नवऱ्याची प्रत्येक तत्त्वनिष्ठा म्हणजे हिने पुन्हा घर बांधायला घ्यायचं, मुलांच्या शाळा बदलायच्या, बोस्टनहून ओरेगॉन, ओरेगॉनहून परत. ओरेगॉननंतर तो काही काळ स्टॅनफर्डला शिकवायला गेला, तिथे विद्यार्थ्यांनी तक्रार केली की हा घटनेचा कायदा नीट शिकवत नाही, आणि कॉलेजने याला न सांगता त्याच विषयावर जादा व्याख्यानमाला ठेवली, म्हणजे याचा वर्ग भरून काढायला दुसरे शिक्षक. काळ्या विद्यार्थ्यांनी आवाज उठवला तेव्हा याला कारण समजलं. नंतर माफी मागितली गेली. पंधरा वर्षांपेक्षा जास्त शिकवलेला माणूस, वंशभेद आणि कायद्याचं पाठ्यपुस्तक लिहिलेला. त्या दिवशी तो घरी गेला असेल आणि जुएलला सांगितलं असेल, हे चित्र मला पूर्ण काढता येत नाही.

तो परत हार्वर्डला आला. १९८७ मध्ये दोन सहकाऱ्यांना टेन्युअर नाकारलं म्हणून स्वतःच्या ऑफिसात चार-पाच दिवस धरणं धरून बसला. आणि मग एप्रिल १९९०. हार्वर्ड लॉ स्कूलचे टेन्युअरवाले प्राध्यापक तेव्हा ६० च्या आसपास, त्यात काळे तीन आणि बायका पाच, आणि काळी बाई एकही नाही, कधीच नव्हती. बेलने जाहीर केलं की कायमच्या नेमणुकीवर काळी बाई येत नाही तोवर मी बिनपगारी रजेवर जातोय. विद्यार्थ्यांची सभा झाली, त्यात लॉ रिव्ह्यूचा अध्यक्ष असलेला एक किडकिडीत मुलगा बेलच्या बाजूने बोलला आणि त्याला मिठी मारली. तो बराक ओबामा. तो व्हिडिओ २०१२ च्या निवडणुकीत शोधून काढला होता लोकांनी, जणू काही गुन्हाच सापडला.

जुएलला तेव्हा कॅन्सर होता. ब्रेस्ट कॅन्सर, शेवटचे महिने. तिने त्याला विचारलं होतं, दर वेळी तूच का? हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, लपवलं नाही. ऑगस्ट १९९० मध्ये ती गेली. ज्या वर्षी पगार सोडला त्याच वर्षी बायको गेली. या प्रश्नाचं उत्तर त्याला कधी नीट देता आलं असं मला त्याच्या लिखाणात दिसत नाही, आणि त्याने दिल्याचा आव आणला नाही म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसतो. जे लोक निषेधाच्या गोष्टी सांगताना घरच्यांचा उल्लेख करत नाहीत त्यांच्यावर माझा बसत नाही.

हार्वर्डचा नियम होता दोन वर्षांच्या वर रजा नाही. १९९२ मध्ये मुदत संपली, हा परत गेला नाही, त्यांनी जागा काढून घेतली. काही काळ्या बायकांनीसुद्धा म्हटलं की आमच्या वतीने एका पुरुषाने का बोलावं, आणि ते म्हणणं मला अगदी चुकीचं वाटत नाही. हार्वर्ड लॉ स्कूलने काळ्या बाईला टेन्युअर दिलं ते १९९८ मध्ये, लानी गिनियर यांना. बेलच्या रजेला तेव्हा आठ वर्षं होऊन गेली होती.

न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलचे डीन तेव्हा जॉन सेक्स्टन, बेलचेच जुने विद्यार्थी. त्यांनी सरांना बोलावलं. व्हिजिटिंग प्रोफेसर म्हणून. आणि मग दरवर्षी पुन्हा, पुन्हा, जवळजवळ वीस वर्षं, २०११ च्या ५ ऑक्टोबरला तो गेला तोपर्यंत. हार्वर्डचा पहिला काळा टेन्युअर्ड प्रोफेसर शेवटची वीस वर्षं वर्षावर्षाच्या नेमणुकीवर शिकवत होता. अर्थात आमच्या सीएचबीशी त्याची तुलना होत नाही, पगार, मान, सगळ्यातच जमीन-अस्मानाचा फरक, पण तरी. त्याच्या वर्गात विद्यार्थीच वकील व्हायचे, विद्यार्थीच न्यायाधीश, हा बाजूला बसून ऐकायचा. स्टॅनफर्डमध्ये ज्याचा वर्ग भरून काढायला दुसरे शिक्षक उभे केले, त्याच्या वर्गाची ही गोष्ट.

तो गेल्यानंतर दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, क्रिटिकल रेस थिअरी हे नाव अमेरिकेत अचानक गल्लोगल्ली झालं. वंशभेद कायद्यात आणि व्यवस्थेतच मुरलेला आहे असं मांडणारी, बेलच्या लेखांतून आणि त्याच्या विद्यार्थ्यांच्या पिढीतून उभी राहिलेली ही विचारधारा. काही राज्यांनी शाळांत वंशभेदाबद्दल काय शिकवू नये याचे कायदे केले. ज्यांनी त्याचं एक पान वाचलं नाही ते शाळेच्या मीटिंगमध्ये माइकवर ओरडत होते.

गेल्या वर्षी भाचीच्या पदवीदानाला मी पिट्सबर्गला गेले होते. एक दिवस तिला म्हटलं, मला हिल डिस्ट्रिक्टला ने. सेंटर अॅव्हेन्यू आणि क्रॉफर्ड स्ट्रीट मिळतात तो कोपरा. तिथून खालची सगळी वस्ती १९५० च्या दशकात शहराने पाडली, ८००० माणसं हलवली आणि तिथे एक मोठं स्टेडियम बांधलं. आता ते स्टेडियमही पाडून टाकलंय. याच कोपऱ्यावर ६० च्या दशकात लोकांनी फलक लावला होता की इथून पुढे तुमचा विकास नको. कोपऱ्यावर चर्च आहे, छतावर संत बेनेडिक्ट यांचा पुतळा, काळे संत, दोन्ही हात पसरलेले. भाचीने माझा फोटो काढला. मी मात्र घरांच्या मागच्या बाजू बघत होते. गल्लीतून दिसतात तिथे, मागचं दार आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या. एका घराच्या पायरीवर कोणीतरी झेंडूसारख्या दिसणाऱ्या फुलांची कुंडी ठेवली होती.

बेलच्या आईचं मला काय वाटतं ते सांगू? तिने भाडं बुडवलं नाही. पैसे आणले, दाखवले, आणि कारण तोंडावर सांगितलं. ऑफिसातल्या माणसाला ते कारण ऐकावंच लागलं. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हिंदू कोड बिलाचं दुःख त्यात होतं, आणि सभागृहात आपलं निवेदन आपल्या पद्धतीने करू दिलं जात नाही म्हटल्यावर ते बाहेर पडले आणि निवेदन पत्रकारांना दिलं. आम्ही ते दरवर्षी वर्गात वाचतो. ते वाचताना दर वेळी मला माझ्या फाइलमधला तेलाचा डाग आठवतो.

ती मुलगी आता दुसऱ्या जिल्ह्यात वकिली करते, चांगली चालते तिची. दिवाळीत आली होती घरी, चकली आणि चहा झाला, मुलं बाहेर खेळत होती. मी तिला बेलची ओरेगॉनची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती. मग काय झालं मला माहीत नाही, मी उठून आत गेले, फाइल काढली आणि तो कागद तिच्या हातात दिला. तिने दोन्ही पानं वाचली. तारीख पुन्हा वाचली. मी म्हटलं, दिला नाही गं मी, हिंमत झाली नाही.

ती म्हणाली, "ताई, नाही दिलात ते समजू शकते मी, घर होतं तुम्हाला. पण निदान मला सांगायचं तरी. मला इतकी वर्षं वाटत होतं, कुणालाच काही वाटलं नाही."